जुळण्याची वेळ

पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, घडवण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना निळा रंग मनापासून नकोसा वाटतो. काचेच्या छोट्या नळीत रेझिनचे दहा-बारा मणी घ्यायचे, त्यांवर निनहायड्रिनच्या चाचणीचे दोन-तीन थेंब टाकायचे, नळी पाच मिनिटे तापवायची आणि मण्यांकडे पाहत राहायचे. मणी फिकट पिवळे राहिले तर शेवटचे अमिनो आम्ल साखळ्यांना नीट जोडले गेले असे समजायचे. निळे झाले तर काही साखळ्यांची टोके अजून मोकळी आहेत आणि तीच पायरी पुन्हा करायला हवी. सोळाव्या-सतराव्या दुव्यापाशी मणी निळे होऊ लागतात तेव्हा हात थांबतो, कारण हाती घेतलेली साखळी नेमकी कशासाठी घडवतो आहोत याची आठवण त्या निळ्या रंगात असते. ज्या साखळ्यांनी पुढे पाण्यात एकमेकींना धरून जिवाणूंना रोखणारे धागे विणावेत अशी आपली इच्छा असते, त्या मण्यावरच, अर्धवट घडलेल्या अवस्थेतच, एकमेकींना बिलगतात. त्यांची टोके त्या गुंत्यात दडतात आणि नवे अमिनो आम्ल तिथवर पोहोचत नाही. आपण ज्या गुणाच्या शोधात आहोत तोच गुण वेळेआधी प्रकट झालेला असतो.

साखळी मण्याला बांधून घडवण्याची ही रीत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक टोक मण्याला पक्के असल्यामुळे प्रत्येक पायरीनंतर उरलेली रसायने नुसती धुऊन टाकता येतात. विसाव्या पायरीपर्यंत पदार्थ हातातून निसटत नाही. या रीतीत साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे वाढते, म्हणजे आपण कागदावर लिहिलेला क्रम प्रत्यक्षात उलटा वाचत जातो. शिकाऊ होते त्या काळात मला ही गोष्ट केवळ तांत्रिक वाटे. आता वाटते की त्या उलट्या वाचनामुळे प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते आणि हे अक्षर इथे का, हा प्रश्न टाळता येत नाही.

अक्षरे, म्हणजे अमिनो आम्ले, वीस आहेत. वीस दुव्यांची साखळी घ्यायची म्हटले तर शक्य क्रमांची संख्या २० चा २० वा घात, म्हणजे १ वर सुमारे २६ शून्ये इतकी होते. एवढ्या पसाऱ्यात जिवाणूंना मारणारी साखळी चाचपडत शोधणे कोणालाही शक्य नव्हते. वाट दाखवली ती प्राण्यांनी. सिक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या कोशात जिवाणू टोचले असता त्याच्या शरीरात जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिने तयार होतात, हे हान्स बोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आणि १९८१ मध्ये त्या सिक्रोपिनांचे क्रम प्रसिद्ध केले. पुढे मायकेल झास्लोफ यांनी आफ्रिकी नखी बेडकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा टाकीतल्या साध्या, अस्वच्छ पाण्यात सोडले, तेव्हा त्यांच्या जखमा न चिघळता भरून येतात हे त्यांच्या लक्षात आले. हे असे का होते, असा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि १९८७ मध्ये बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन बाहेर आले. २३ अमिनो आम्लांची ती साखळी आहे. तिचे नाव ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून ठेवले आहे. आपल्या स्वतःच्या त्वचेत आणि पांढऱ्या पेशींतही ३७ दुव्यांची, एलएल-३७ नावाची अशीच साखळी असते. जगातली कितीतरी जुनी प्राणिकुळे ही साखळी-शस्त्रे वापरत आली आहेत, हे कळल्यावर मला या विषयाची जी ओढ लागली ती अजून कमी झालेली नाही.

या साखळ्यांची युक्ती समजायला फारशी अवघड नाही. जिवाणूच्या पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला ऋणभार असलेले मेद भरपूर असतात. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला मात्र एकंदरीत भार नसलेले मेद असतात, आणि शिवाय पटलाला घट्टपणा देणारे कोलेस्टेरॉल असते. म्हणून साखळीत लायसिन आणि आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लांची संख्या वाढवली की ती जिवाणूकडे ओढली जाते. आणि ल्यूसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन अशी पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्ले घातली की पटलाला चिकटल्यावर ती त्याच्या मेदात घुसते. मॅगेनिनसारखी साखळी पटलापाशी आल्यावर पिळाचा आकार घेते. त्या पिळात प्रत्येक दुवा आधीच्या दुव्यापासून सुमारे १०० अंशांनी वळलेला असतो, त्यामुळे दर तिसरे-चौथे अक्षर एकाच बाजूला येते. क्रम नीट मांडला तर पिळाच्या एका अंगाला सगळा धनभार आणि दुसऱ्या अंगाला सगळा स्निग्धपणा गोळा होतो. सुमारे ४ नॅनोमीटर जाडीच्या त्या पटलात अशा साखळ्या पुरेशा संख्येने घुसल्या की त्याला भोके पडतात, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते.

एवढे समजल्यावर मला जे सुचले ते बहुधा प्रत्येक नवशिक्याला सुचते. धनभार वाढवायचा, स्निग्धपणा वाढवायचा, आणि सर्वांत मारक साखळी बनवायची. मी तशी एक बनवली. ९६ खळग्यांच्या पट्टीत तिचे द्रावण ओळीने निम्मे-निम्मे पातळ करत नेले, प्रत्येक खळग्यात जिवाणू घातले आणि रात्रभर ऊबेत ठेवले. सकाळी पट्टी उजेडासमोर धरली तर जवळजवळ शेवटच्या खळग्यापर्यंत द्रव स्वच्छ होता. कुठेही वाढीचा गढूळपणा नव्हता. त्या सकाळचा आनंद मला अजून आठवतो. दुपारी तीच साखळी तांबड्या रक्तपेशींवर लावली. या चाचणीत पेशी तासभर साखळीबरोबर ठेवतात आणि मग पट्टी फिरवतात. पेशी शाबूत असतील तर त्या तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात आणि वरचा द्रव नितळ राहतो. माझ्या पट्टीत एकही टिकली नव्हती. पहिल्या खळग्यापासून आठव्यापर्यंत सगळा द्रव एकसारखा, पारदर्शक, गडद लाल झाला होता. माझे मार्गदर्शक शेजारी येऊन उभे राहिले, पट्टी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हे औषध झालेले नाही. तू साबण तयार केला आहेस." त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात रुतले. साबणही पटल फोडतोच. फक्त कोणाचे पटल, हे तो विचारत नाही.

त्यानंतर बरीच वर्षे या क्षेत्रातले लेख वाचताना मी आधी मारकतेचा आकडा पाहत नाही. रक्तपेशींचा आकडा शोधते. ज्या प्रमाणात जिवाणू थांबतात आणि ज्या प्रमाणात रक्तपेशी फुटू लागतात, त्या दोहोंमधले अंतर किती, यावरच साखळीची खरी लायकी ठरते. आणि हे अंतर वाढवण्याचा एक मार्ग म्हणून मी आपोआप जुळणाऱ्या साखळ्यांकडे वळले. साखळीचे स्निग्ध अंग उघडे राहिले की ते भेटेल त्या पटलात घुसते. तेच अंग दुसऱ्या साखळीच्या स्निग्ध अंगाला लावून झाकता आले, आणि धनभार तेवढा बाहेर ठेवता आला, तर? आपल्या पेशींजवळून अशी जुळलेली रचना शांतपणे निघून जाईल, आणि जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठाशी मात्र तिचा एकवटलेला धनभार जोराने भिडेल, अशी ती आशा होती. शिवाय एकेकट्या साखळीला प्रथिने कापणारी विकरे झटकन तोडतात. धाग्यात बसलेल्या साखळीपर्यंत त्यांना पोहोचणे अवघड जाते.

जुळणीसाठी पिळापेक्षा ताठ पट्ट्याचा आकार अधिक सोयीचा आहे. पट्ट्यात एक अक्षर वर तोंड करते, पुढचे खाली, त्यापुढचे पुन्हा वर. म्हणून स्निग्ध, भारित, स्निग्ध, भारित असा एकाआड एक क्रम लिहिला की पट्ट्याचे एक तोंड पूर्ण स्निग्ध आणि दुसरे पूर्ण भारित होते. ही गोष्ट शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनातला असाच क्रम अभ्यासताना सापडली, आणि १९९३ मध्ये त्यांनी दाखवले की १६ दुव्यांची तशी साखळी क्षारयुक्त पाण्यात डोळ्यांना दिसेल असे पातळ पटल स्वतःहून विणते. त्याच वर्षी रेझा घादिरी यांच्या गटाने अमिनो आम्लांची कडी एकावर एक रचून नळ्या तयार केल्या, आणि २००१ मध्ये तशा नळ्या जिवाणूंच्या पटलात रचल्या जाऊन त्यांना मारतात हेही दाखवले.

माझे मन मात्र जडले ते जोएल श्नायडर आणि डॅरिन पोचन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या २० दुव्यांच्या साखळीवर. तिच्यात व्हॅलिन आणि लायसिन आळीपाळीने येतात आणि मधोमध एक वळण असते, ज्यात एक प्रोलिन मुद्दाम आरशातल्या प्रतिमेच्या घडणीचे ठेवले आहे. शुद्ध पाण्यात तिच्यातले आठ लायसिन एकमेकांना इतके दूर ढकलतात की ती घडीच घालत नाही. द्रावण पाण्यासारखे पातळ राहते. शरीरात असतात तेवढे क्षार मिसळले की त्या भारांचे परस्परांना ढकलणे सौम्य होते, साखळी केसातल्या पिनेसारखी मधोमध दुमडते, दोन-दोन पिना स्निग्ध अंगे आत घेऊन समोरासमोर बसतात, आणि सुमारे ३ नॅनोमीटर रुंदीचा धागा वाढू लागतो. धाग्यात शेजारशेजारच्या पट्ट्यांमधले अंतर साधारण अर्धा नॅनोमीटर असते, म्हणजे एक मायक्रोमीटर धाग्याच्या एका थरात दोन हजारांच्या आसपास पट्टे ओळीने उभे असतात. आणि २००७ मध्ये दिसून आले की या धाग्यांच्या जेलचा पृष्ठभाग, त्यात कोणतेही प्रतिजैविक न घालता, स्वतःच जिवाणूंना मारतो.

मी ती साखळी पहिल्यांदा घडवली तेव्हा बाटलीच्या तळाशी जेमतेम अर्धा मिलिलीटर द्रावण होते. त्यात तितकाच क्षारांचा बफर घातला, बाटली ऊबेत ठेवली, आणि काही वेळाने उलटी केली. द्रव वरच, तळाशी धरून राहिला. काचेसारखा नितळ, कडेला किंचित थरथरणारा. शंभरातला एक भागही पेप्टाइड नव्हते त्यात, बाकी सगळे पाणीच होते. ते पाणी त्या धाग्यांच्या जाळीने अडवून धरले होते. सुईतून दाबले की हे जेल वाहू लागते आणि सुईबाहेर पडताच पुन्हा घट्ट होते, म्हणजे वेड्यावाकड्या जखमेच्या कानाकोपऱ्यात ते भरता येते. मी ती बाटली त्या दिवशी चार-पाच जणांना उलटी करून दाखवली असेन.

याच सुमारास आपल्या आतड्यातल्या एका प्रथिनाची हकिगत वाचनात आली आणि माझ्या कल्पनांना मोठा धक्का बसला. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पॅनेथ पेशी डिफेन्सिन-६ नावाचे एक छोटे प्रथिन सोडतात. ते याच घराण्यातले; परंतु प्रयोगशाळेत त्याची मारकता तपासली की ते जवळजवळ निष्प्रभ ठरे. मग हे शरीराने ठेवले तरी कशासाठी, हा प्रश्न रेंगाळत राहिला. २०१२ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. हे प्रथिन जिवाणूच्या पृष्ठभागापाशी आपोआप जुळून बारीक जाळे विणते, आणि साल्मोनेलासारखा जिवाणू त्यात अडकून पडतो. तो मरत नाही, पण आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतही नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या चित्रांत जिवाणू कोळिष्टकात गुरफटल्यासारखे दिसतात. ती चित्रे मी पुष्कळ वेळ पाहत बसले होते. मारणे हेच एकमेव माप धरून आम्ही ज्याला निकामी ठरवत होतो, ते प्रथिन आपले काम उत्तम करत होते. आमच्या खळग्यांच्या पट्टीत फक्त गढूळ की स्वच्छ एवढेच दिसते. अडवणे तिथे दिसतच नाही. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नव्या साखळीसाठी एक वेगळा रकाना आहे: जिवाणू धरले गेले का, आणि किती वेळ.

अडचणी अर्थातच आहेत, आणि त्या लपवून या विषयावर लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. पहिली अडचण समजुतीचीच आहे. जेलवर जिवाणू मेला, तर त्याला धाग्याने मारले की धाग्यातून सुटलेल्या एखाद्या साखळीने, हे सांगणे दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक धागा सुट्या साखळ्यांशी देवघेव करत असतो. जुळणी फार सैल असेल तर आपण पुन्हा त्या साबणाकडे परततो. फार घट्ट असेल तर स्निग्ध अंगे कायमची कुलूपबंद होतात आणि धागा जिवाणूशेजारी नुसता पडून राहतो. मी घडवलेल्या साखळ्यांपैकी बऱ्याच या दुसऱ्या प्रकारात वाया गेल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे धागे अतिशय देखणे दिसत आणि जिवाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नसे. दुसरी अडचण अशी की बाटलीतले पाणी म्हणजे शरीर नव्हे. रक्तद्रवातली प्रथिने या साखळ्यांना चिकटतात, क्षार त्यांचा जोर कमी करतात. मॅगेनिनवरून बेतलेले पेक्सिगॅनन मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी तयार झाले, मोठ्या चाचण्यांपर्यंत गेले, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली. बेडकाच्या कातडीपासून तिथवरची ती वाट बारा वर्षांची होती. तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवी: आमचे धागे ज्या घडणीचे आहेत, तशाच घडणीचे धागे अल्झायमरसारख्या आजारांत मेंदूत साचतात. म्हणून शरीरात सोडलेला धागा पुढे कुठे जातो आणि केव्हा विरघळतो, हे त्याच्या मारकतेइतकेच काटेकोरपणे तपासले पाहिजे, आणि ते तपासल्याशिवाय केलेल्या दाव्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

आणखी एका दाव्याशी माझे पटत नाही. पटलावर हल्ला करणाऱ्या साखळ्यांसमोर जिवाणू कधीच टिकाव धरू शकणार नाहीत, कारण पटल बदलणे त्यांना जमणार नाही, असे अनेकदा लिहिले जाते. ते त्यांना जमते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या पटलातल्या ऋणभारित मेदाला चक्क लायसिन जोडतो आणि पृष्ठभागाचा ऋणभार घटवतो; म्हणजे आपण जे अक्षर त्याच्याविरुद्ध वापरतो, तेच तो अंगावर चढवून घेतो. पटलावर घाव घालणारे कोलिस्टिन हे पेप्टाइड-औषध अनेक ठिकाणी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले असते. त्याला दाद न देण्याचे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकते, हे २०१५ मध्ये उघड झाले. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेच्या पेनिसिलिनमुळे जिवाणू निर्ढावतील असा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजार आहे. असा आकडा समोर असताना आमच्या साखळ्या अजेय आहेत असे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. त्या अवघड आहेत, जिवाणूला त्यांच्यासमोर बदलायला बहुधा अधिक किंमत मोजावी लागते. एवढे म्हणणे पुरेसे आहे, आणि काम करत राहायला तेवढे कारणही पुरेसे आहे.

सध्या माझ्या टेबलावर जी साखळी आहे तिच्यात मी चार ठिकाणी हिस्टिडिन घातले आहे. या अमिनो आम्लाचा स्वभाव मला फार आवडतो. रक्ताच्या ७.४ सामूला ते जवळजवळ भाररहित असते. भोवतालचा सामू ६ च्या खाली उतरू लागला की ते धनभार धारण करते. जिवाणूंच्या दाट वस्तीत, जिथे ऑक्सिजन कमी पडतो आणि आम्ले साचतात, तिथे सामू असा उतरू शकतो. तेव्हा साखळ्यांनी निरोगी ठिकाणी धाग्यात जुळून राहावे, स्निग्ध अंगे झाकून; आणि आम्लता वाढली की नव्याने आलेल्या धनभाराने एकमेकींना ढकलून सुटे व्हावे आणि तिथेच घुसावे, असा हा बेत आहे. आजवर मी साखळ्या जुळाव्यात म्हणून झटत आले. या वेळी त्या कधी सुटाव्यात हे लिहिण्यात माझे महिने गेले आहेत.

ही साखळी घडवताना मणी चौदाव्या दुव्यापाशी निळे झाले. मी तापमान वाढवले, द्रावक बदलला, ती पायरी तीनदा केली, तेव्हा कुठे ते पिवळे पडले. शेवटी साखळी मण्यांपासून सोडवून थंड ईथरमध्ये ओतली तेव्हा दुधाच्या साईसारखे पांढरे तुकडे तरंगत खाली बसले. शुद्ध करून, गोठवून वाळवल्यावर हाती कापसासारखा हलका पदार्थ आला, वजनाला ३८ मिलिग्रॅम. गेल्या आठवड्यात त्याच्या दोन बाटल्या भरल्या. ७.४ सामूची बाटली उलटी केल्यावर जेल जागच्या जागी राहिले. ५.५ सामूच्या बाटलीत तेच जेल अर्ध्या तासात सैल होऊन काचेवरून ओघळले. रक्तपेशी उद्या सकाळी येणार आहेत. पट्टीच्या ओळी मी आजच आखून ठेवल्या आहेत, आणि या वेळी दोन्ही सामूंना वेगवेगळी ओळ दिली आहे.